मातीच्या गोष्टी : न उगवलेला बुरूज



गेल्या दिवाळीत आपल्या मुलांनी एका गराजमध्ये बांधलेला किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फराळाच्या निमित्तानं पाहिला असेल. विटांचे तुकडे, जुनी चादर, मागच्या अंगणातली माती, वर प्लास्टिकचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. आठ दिवस आधी मुलांनी सगळ्या उतारांवर अळीव टाकले होते. वसुबारसेपर्यंत तटबंदी हिरवीगार झाली. दरवाजाच्या उजवीकडचा बुरूज मात्र बोडकाच राहिला. मुलांनी पुन्हा अळीव टाकले, पुन्हा पाणी शिंपडलं. बी फुगलं, पांढरं मूळ जेमतेम डोकावलं आणि काळं पडलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या घरच्या सूनबाईंचा मला फोन. "काकू, तुम्ही मातीतल्या ना? एक विचारायचं होतं." त्या बुरुजाची माती अंगणातली नव्हती. नवरा ओकर डोंगराच्या पश्चिम अंगाला हिंडायला गेला होता, तिथल्या एका जुन्या बेवारस खाणीच्या ढिगाऱ्यावरून त्यानं ती दोन पिशव्या भरून आणली होती. का, तर रंग थेट जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा! बुरुजाला शोभेल म्हणून. मग तिचा आवाज उतरला. "धाकटा तीन वर्षांचा आहे हो. सारखी बोटं तोंडात. आणि आम्ही घरही इकडेच, डोंगराच्या पायथ्याला घेतोय. इथली सगळीच माती अशी आहे का?"

फोनवर मी दोनच गोष्टी सांगितल्या. बुरूज कोरडा झाडू नकोस. ओला करून जाड पिशवीत भर, फरशी ओल्या फडक्यानं पूस, मुलांचे हात साबणानं धू. आणि डॉक्टरांना सांगून धाकट्याच्या रक्तातलं शिसं तपासून घे. बाकीचं उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. ते या अंकात देते, कारण पायथ्याला घर घेणारी ती एकटी नाही.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी माण तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळात चौदा वर्षांची होते. आईबरोबर नालाबांधाच्या कामावर घमेली उचलली आणि दुपारी सुकडी खाल्ली. उतारावरून माती वाहून गेली की मागं काय उरतं, हे मी पुस्तकाआधी पायांनी शिकले. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र, लग्नानंतर युटा, लोगनला पुन्हा शिक्षण, आणि मग तीसेक वर्षं खाणींच्या उतारांवर झुडपं आणि गवत उगवण्याची नोकरी. घरचे विचारायचे, "एवढ्या लांब जाऊन काय करतेस?" मी सांगायची, "इथंही नालाबांधच."

साऊथ जॉर्डनच्या आपल्या गणपतीच्या देवळातून बाहेर आलात की पश्चिमेला जी रांग दिसते ती ओकर. गोशूट लोकांच्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थ 'झाडीचा डोंगर' असा सांगतात. आज देवळासमोरून बघणाऱ्याला झाडी दिसत नाही. दिसतात ते पायऱ्यापायऱ्यांचे पिवळट-करडे ढिगारे. त्यांच्या मागे बिंगहॅम कॅनियनची तांब्याची खाण आहे. १९०६मध्ये इथं उघड्यावरचं खोदकाम सुरू झालं. आज खड्डा सुमारे सव्वा किलोमीटर खोल आणि चार किलोमीटर रुंद आहे. शंभर किलो दगडात तांबं जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास. उरलेलं सगळं कुठंतरी टाकावं लागतं, आणि खनिजापर्यंत पोचण्यासाठी काढलेला खडक वेगळाच. बिंगहॅम कॅनियन नावाचं गावही या खड्ड्याच्या वाटेत आलं. १९७१मध्ये त्याची नगरपालिका बरखास्त झाली.

पण आधी खाण न लागलेला डोंगर पाहू. खोऱ्यात वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, म्हणजे आमच्या माणच्याच जातकुळीचा. फरक वेळेचा. माणला जे पडतं ते जून ते ऑक्टोबर, उन्हाळा संपल्यावर. इथं बरंचसं हिवाळ्यात आणि वसंतात, बर्फ म्हणून, आणि झाडांना तहान लागते त्या जून-जुलैत आभाळ कोरडं ठाक. म्हणून इथल्या झाडाला मार्च-एप्रिलमध्ये मुरलेलं पाणी ऑगस्टपर्यंत पुरवून खावं लागतं. घरात एकदाच पगार येणाऱ्या बाईसारखं.

त्या हिशोबानंच माती आणि झाडं उतारावर वाटली गेली आहेत. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ उशिरापर्यंत टिकतो. तिथं गॅम्बेल ओक आणि मोठ्या पानांचं मेपल. त्यांच्या पालापाचोळ्यानं माती काळीभोर होते, फूटभर खोल, हातात घेतली तर भुसभुशीत. आपल्या काळ्या मातीसारखी चिकण नव्हे, शेणखताच्या जुन्या खड्ड्यातल्यासारखी. त्याच टेकडीच्या दक्षिण अंगाला दहा मिनिटांत चालत जा, माती वीतभर, भरड, दगडगोट्यांची. मी तिला मुरमाडच म्हणते. तिथं जुनिपर, माउंटन महॉगनी आणि सेजब्रश. खाली पायथ्याला मातीत दीड-दोन फुटांवर पांढरा थर लागतो, चुनखडीचा. पाणी जिथवर मुरतं तिथवर चुना वाहून नेतं आणि सुकताना तिथंच ठेवून जातं. खड्डा खणून तो थर पाहिला की इथं पाऊस किती खोल जातो ते कळतं, पर्जन्यमापक लागत नाही.

त्याच्याही खाली, जिथं आपली घरं आहेत, तिथली माती तळ्याची. सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात बॉनविल नावाचं प्रचंड तळं होतं. डोंगराच्या अंगावर समुद्रसपाटीपासून साधारण १,५५० मीटर उंचीवर आडवी रेघ दिसते ना, ती त्याची काठाची खूण. रेघेपाशी वाळू-गोटे, खाली गाळ. तुमच्या अंगणातल्या त्या फिकट, चिकट मातीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसेल. चुना भरपूर. सॉल्ट लेकच्या जवळ गेलात तर सरळ चोपण जमीन.

आता सेजब्रशबद्दल दोन शब्द, कारण तो माझा लाडका. तो आपल्या दवण्याच्या कुळातला. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि हा, दोघंही आर्टेमिसिया. पहिल्या पावसात ओकरच्या पायथ्याला गाडीची काच खाली करा. मला तरी वाडी रत्नागिरीच्या पायऱ्या आठवतात. हा दोन कामं करतो. वरची पसरलेली मुळं वसंतातलं पाणी उचलतात आणि खोल गेलेली मुळं उन्हाळ्यात तळाचं. त्या मुळांमुळंच उतार धरला जातो.

मग खाणीनं नेमकं काय बिघडतं? जमिनीत खोलवरच्या खडकात पायराइट असतं, लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज, वैद्यांच्या सुवर्णमाक्षिकाचं भावंड. जमिनीखाली, हवेपासून लांब, ते लाखो वर्षं गुपचूप राहतं. फोडून वर आणून ढीग घातला की हवा आणि पाणी दोन्ही मिळतात, आणि त्यातून तयार होतं गंधकाचं आम्ल. त्या आम्लात सुखानं राहणारे जिवाणू हे काम आणखी जलद करतात. आम्लामुळं तांबं, ॲल्युमिनियम, जस्त विरघळतात आणि कोवळ्या मुळाचं टोकच जळतं. मातीचा सामू सातच्या आसपास असला की ठीक; सहाला आम्ल दहापट, पाचला शंभरपट. आपल्या बुरुजाच्या मातीचा सामू मी मोजला तो ३.१ निघाला. तो भंडाऱ्यासारखा पिवळा रंग म्हणजे या आम्लातून बनलेली लोखंडाची खनिजं. मुलांनी लावलेला प्रयोग, त्यांना न कळत, अगदी शास्त्रोक्त होता. अळीव हे जगभरच्या प्रयोगशाळांत मातीचं विष तपासायला वापरतात. बी लवकर रुजतं आणि मूळ नाजूक असतं, म्हणून.

अळिवाची आणखी एक गंमत. ते भिजलं की बुळबुळीत होतं आणि उभ्या बुरुजालाही चिकटून राहतं. म्हणून तर आपल्या आज्यांनी किल्ल्यासाठी ते निवडलं. खाणीच्या उतारावर आम्ही बी, लाकडाचा भुसा आणि पाणी कालवून नळीनं फवारतो, तेव्हा ते घसरू नये म्हणून त्यात डिंक घालतात. तो बऱ्याचदा गवारीचा किंवा इसबगोलाचा असतो. पहिल्यांदा पिशवीवर 'ग्वार' वाचलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

पण चिकटवून काम भागत नाही. खळ्यावर ज्वारीची रास घातली की बाजू एका ठरावीक उतारावर येऊन थांबते. आणखी ओतलं तर दाणे घरंगळतात. ट्रकमधून ओतलेल्या खडकाचंही तेच, साधारण ३५ ते ३८ अंश. त्यावर माती टिकत नाही. आधी उतार मोडून सौम्य करायचा, तीन पावलं आडवं तर एक पाऊल चढ इतपत. मग आम्ल मारायला चुना. मग त्यावर चांगल्या मातीचं पांघरूण, दोन-तीन फुटांचं, कधी त्याहून जाड.

या पांघरुणाचं काम शोभेचं नाही. वसंतात वितळलेलं पाणी त्या मातीनं धरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात झाडांनी ते पिऊन हवेत सोडायचं. म्हणजे खालच्या पायराइटपर्यंत पाणी पोचतच नाही. झाड इथं पंप आहे. पंप बंद पडला तर पाणी खाली उतरतं, आम्ल घेऊन बाहेर पडतं आणि कुणाच्या तरी विहिरीत जातं. हे नुसतं पुस्तकातलं नाही. आपल्याच खोऱ्याच्या दक्षिण-पश्चिम भागात खाणीकडून आलेलं सल्फेट भूजलात उतरलं होतं. १९९५मध्ये त्यावर राज्य सरकार आणि खाण कंपनीत तडजोड झाली आणि पुढे ते पाणी रिव्हर्स ऑस्मोसिसनं शुद्ध करण्याचे प्रकल्प उभे राहिले.

आता माझी एक चूक सांगते. नव्वदच्या दशकात शेजारच्या राज्यातल्या एका खाणीवर (नाव सांगत नाही) एक उतार माझ्या हाती होता. पैसे कमी, मुदत जवळ. मी फूटभरही नाही, वीतभर मातीला मान्यता दिली, आणि ती आणली दरीतल्या जुन्या ढिगातून. वर नत्रखत भरपूर टाकलं, लवकर हिरवं दिसावं म्हणून. दिसलंही! पहिल्या जूनमध्ये फोटो काढले, साहेब खूश, अहवालावर माझी सही. जवळ जाऊन पाहिलं असतं तर कळलं असतं की निम्म्याहून जास्त चीटग्रास होतं. हे युरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकात इकडं आलेलं तण. शरदात उगवतं, वसंतातलं पाणी सगळ्यांच्या आधी पितं आणि जूनमध्ये वाळून काडेपेटीसारखं उभं राहतं. नत्र तर त्याला फारच मानवतं. तिसऱ्या उन्हाळ्यात वीज पडली. एका दुपारीत सगळा उतार जळाला. सेजब्रश आगीनंतर बुडातून पुन्हा फुटत नाही, तो मेला. चीटग्रास तेवढं पुढच्या शरदात पुन्हा हजर. पुढच्या बर्फाच्या वितळीत घळी पडल्या आणि तळाचा पिवळा खडक वर आला.

पुण्यात १९५०च्या दशकात गाजर गवत पहिल्यांदा दिसलं, ते अमेरिका खंडातलं तण. तिकडून आपल्याकडे ते गेलं, आपल्या बाजूनं इकडं हे आलं. दोघांनीही हिरवं दिसून माणसाला फसवलं. त्या उतारानंतर मी हिरव्या रंगावर विश्वास ठेवणं सोडलं.

याची उलट बाजूही आहे. आपली मंडळी पावसाळी कोकणाच्या आठवणीनं इथल्या डोंगराकडं बघतात आणि म्हणतात, "किती उजाड केलाय!" पण इथला निरोगी, हात न लागलेला उतारही पूर्ण झाकलेला नसतो. दोन झुडपांच्या मध्ये मोकळी जागा असते. त्या जागेवर शेवाळ, दगडफूल आणि जिवाणूंची पातळ खपली असते, ती माती धरते. मोकळी जागा हा त्या झुडपांमधला पाण्याचा वाटा आहे. युटाचा नियमही हे जाणतो. खाणीच्या जमिनीवर आधी जेवढं वनस्पतींचं झाकण होतं त्याच्या किमान ७० टक्के परत यावं आणि ते तीन हंगाम टिकावं, एवढीच मागणी आहे. शंभर टक्के हिरवळ कुणी मागत नाही. 'तीन हंगाम' हे शब्द माझ्या मते त्यातले सगळ्यांत शहाणे. माझा जळालेला उतार पहिल्या हंगामात पहिल्या वर्गात पास झाला होता.

तर आता सूनबाईंच्या प्रश्नाकडं. उरलेल्या पिवळ्या मातीचा नमुना मी प्रयोगशाळेत पाठवला. शिसं दर दशलक्ष भागांत हजाराच्या वर निघालं. मुलं खेळतात त्या मातीसाठी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानं जानेवारी २०२४मध्ये तपासणीची पातळी ४०० वरून २०० वर आणली होती. अहवाल हातात आल्यावर धाकट्याच्या रक्ताचा निकाल येईपर्यंतचे चार दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि खरं सांगते, मीही नाही. निकाल आला : ३.५ मायक्रोग्रॅम ही जी दखल घेण्याची पातळी, तिच्या बराच खाली. ती रडली. तिचा नवरा मला म्हणाला, "काकू, मला वाटलं माती ती माती." त्याला काय बोलणार? मी स्वतः त्याहून मोठी चूक सही करून केली होती.

त्याच मातीतली थोडी मी माझ्या शेडमध्ये, हातमोजे घालून, तीन कुंड्यांत भरली होती. एक तशीच, दुसरीत चुना, तिसरीत चुना आणि कंपोस्ट. पहिलीत काही नाही. दुसरीत अळीव रुजले, पण खुरटले. तिसरीत टवटवीत आले. ते फोटो मी तिला पाठवले तेव्हा ती आनंदानं म्हणाली, "म्हणजे माती बरी झाली!" नाही. आम्ल मेलं, म्हणून अळीव आले. शिसं मात्र जिथल्या तिथं आहे. चुना ते काढून नेत नाही. उगवलं म्हणून माती चांगली नव्हे, आणि उगवलं नाही म्हणून विषारीही नव्हे. सामू आणि धातू वेगवेगळे विचारावे लागतात.

घराचं? घ्या. पायथ्याची बहुतेक माती तळ्याच्या गाळाची आणि चुन्याची आहे. पण या बाजूच्या काही वस्त्या, डेब्रेकसारखी मोठी वसाहत धरून, खाण कंपनीच्याच जुन्या जमिनींवर २००४च्या सुमारापासून उभ्या राहिल्या. म्हणून पूर्वी तिथं काय होतं आणि काय साफ केलं, ते विक्रेत्याकडं कागदावर मागा. संकोच करू नका, किचनच्या ओट्याबद्दल विचारता तितकं तरी विचारा. भाजी लावायची असेल तर आधी पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून लोगनच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि धातूंची तपासणी वेगळी सांगा. नेहमीच्या सुपीकतेच्या तपासणीत शिसं येतं असं धरून चालू नका. आणि जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून काही उचलून आणू नका, रंग कितीही देखणा असो.

ते डोंगर एका दिवसात शांत होणार नाहीत. १० एप्रिल २०१३ला बिंगहॅमच्या खड्ड्याची एक बाजू दोन झटक्यांत खाली आली, सुमारे साडेचौदा कोटी टन. रडारनं उताराची हालचाल आधीच टिपली होती, माणसं बाहेर काढली होती, एकालाही खरचटलं नाही. मी त्या दिवशी एवढंच शिकले की उताराकडं लक्ष ठेवणारा कुणीतरी कायम हवा.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी त्या दोन्ही मुलांना एका पुनर्वसनाच्या उतारावर घेऊन गेले, परवानगी काढून. इथं पेरणीचा काळ हाच, दिवाळी ते पहिला बर्फ. सेजब्रशचं बी खसखशीएवढं. ते पुरायचं नाही, नुसतं मातीवर सोडायचं, बर्फ त्याला दाबतो आणि वसंतात जागं करतो. मोठ्यानं विचारलं, "आजी, आठ दिवसांत उगवेल?" म्हटलं, एप्रिलमध्ये बघू. एप्रिलमध्ये भिंग घेऊन गेलो. दोन-दोन पानांची बारा रोपं मोजली. ऑगस्टअखेर पुन्हा गेलो, चार होती. तो हिरमुसला. मी त्याला सांगितलं, पहिल्या उन्हाळ्यात चार टिकली म्हणजे पुष्कळ टिकली.

यंदाचा किल्ला अंगणातल्या मातीचा आहे. मुलांनी आधी व्हिनेगर टाकून पाहिलं, फसफसलं, मगच बुरूज रचला. फराळाला याल तेव्हा उजवा बुरूज जरूर बघा.

शुभ दीपावली.